मेण-ओतकाम, दागिन्यांचे

दागिन्याचा मेणाचा नमुना करून त्याभोवती साचा बनविणे, उष्णतेने मेण वितळवून काढून टाकणे व राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतणे, या कृतीस मेण-ओतकाम म्हणतात. संस्कृत ग्रंथांत तिला ‘मधूच्छिष्टविधान’ असे नाव आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरणारे मेण. मूळ पद्धतीत नमुना व साचा हे दोन्ही नष्ट होत असल्यामुळे एका नमुन्यापासून एकच वस्तू मिळते. म्हणून ग्राहकाच्या इच्छेनुसार एकमेव दागिना करण्यास ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते.

इतिहास : मोहें-जो-दडो येथील ब्राँझची नर्तिका ही या पद्धतीने केलेली आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात मूर्तींच्या संदर्भात या कृतीचे वर्णन आले आहे. खानदेशात चहार्डी (ता. चोपडा, जि. जळगाव) येथे सापडलेल्या ओतीव जैन मूर्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. महाराष्ट्रात ओतारी कारागीर मूर्ती, घंटा, घुंगरू, जोडवी इ. वस्तू ओतीत, सोनाराचे काम मात्र मुख्यतः पत्रा, तार, ठसा व डाख यांवर चाले. अमेरिकन दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये दातांतील सोन्याच्या भरणासाठी ही पद्धत मांडली. पुढे ती दागिन्यांच्या कारखान्यांत रुळली. रबरी साच्यांमुळे एकाच नमुन्याच्या अनेक मेणप्रती काढणे शक्य झाले.

कृती : कठीण मेण कोरून, किंवा अलीकडे संगणकीय आराखड्यावरून मुद्रित करून, नमुना तयार करतात. धातू थिजताना आकुंचन पावतो व घासकामात थोडा झिजतो. म्हणून नमुना किंचित मोठा ठेवतात. एक ग्रॅम मेणाच्या जागी सुमारे साडेदहा ग्रॅम चांदी किंवा सुमारे १८ ग्रॅम बावीस कॅरट सोने लागते; यावरून वजनाचा व किमतीचा अंदाज आधीच करता येतो. नमुन्यांना मेणाच्या कांड्या जोडून त्यांचे ‘झाड’ करतात व ते प्लॅस्टर आणि सिलिका यांच्या मिश्रणात बुडवितात. साचा भट्टीत सुमारे ७३०° से.पर्यंत हळूहळू तापवून मेण पूर्णपणे जाळतात. नंतर केंद्रोत्सारी बलाने किंवा निर्वाताच्या साहाय्याने धातू साच्यात भरतात. शेवटी साचा फोडून दागिने कापून घेतात, घासतात व उजळतात.

गुणदोष : गॉथिक शैलीच्या अंगठ्यांतील कवट्या, टोकदार कमानी व वेली यांसारखे खोल उठावाचे आकार ठशाने साधत नाहीत, ओतकामाने ते साधतात. सबंध दागिना एकसंध ओतल्यास डाखाचे सांधे राहत नाहीत. डाखाचा कस मूळ सोन्यापेक्षा बहुधा कमी असल्याने, शुद्ध सोन्याबद्दल ख्याती असलेल्या जळगावसारख्या सराफपेठेत या गोष्टीस महत्त्व आहे. तथापि ओतीव धातूत सूक्ष्म छिद्रे राहू शकतात. शिवाय ठोकून घडविलेल्या धातूचा कणखरपणा त्यास येत नाही. उच्च कसाचे सोने मुळातच मऊ असल्याने फासे, आकडे व बारीक तारा पत्र्यातून किंवा ओढलेल्या तारेतूनच घडविणे हिताचे असते. धातू ओतल्यावर घाटात बदल करणे कठीण. म्हणून ग्राहकाने मेणाचा नमुना पाहूनच संमती द्यावी, हे या कामातील महत्त्वाचे पथ्य होय.