मेदसंप्रेरके आणि मधुमेहातील रोहिणीकाठिण्य

मेदसंप्रेरके म्हणजे शरीरातील चरबीच्या पेशींनी, अर्थात मेदपेशींनी, रक्तात सोडलेली संदेशवाहक द्रव्ये. भूक, इन्शुलिनचा परिणाम, दाह आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवर त्यांचा प्रभाव असतो. प्रकार २ च्या मधुमेहात त्यांचे परस्पर प्रमाण बिघडते. रोहिण्यांच्या (हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या) भिंतीत स्निग्ध थर साचून त्या अरुंद व कठीण होण्यास, म्हणजेच रोहिणीकाठिण्यास, हा बिघाड हातभार लावतो. हृदयविकाराचा झटका व पक्षाघात ही त्याची दोन मोठी फलिते होत.

== मेद : कोठार आणि ग्रंथी ==

मेद म्हणजे उरलेल्या अन्नाचे निव्वळ कोठार, अशी समजूत दीर्घकाळ होती. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी लेप्टिनचा शोध लावल्यावर ती मागे पडली. 'सडपातळ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन हे नाव पडले. मेदाचा साठा पुरेसा असल्याची वार्ता ते मेंदूला देते. स्थूल व्यक्तीत लेप्टिन भरपूर असते, परंतु मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही.

त्यानंतर लगेचच ॲडिपोनेक्टिन ज्ञात झाले. रक्तात त्याचे प्रमाण लेप्टिनच्या सुमारे हजारपट असते. त्याचे वर्तन मात्र उलटे आहे : मेद वाढला, विशेषतः पोटाच्या पोकळीतील, की ते घटते. फुगलेल्या मेदपेशींत दाह सुरू होतो, तेथे महाभक्षी पेशी जमतात आणि त्यांच्या स्रावांमुळे ॲडिपोनेक्टिनची निर्मिती मंदावते. 2001 मध्ये वर्णिलेले रेझिस्टिन उंदरांत मेदपेशींतून स्रवते, तर माणसात मुख्यतः महाभक्षी पेशींतून. त्यामुळे प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

== रोहिणीच्या भिंतीत काय घडते ==

निरोगी रोहिणीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्तपेशी भिंतीला चिकटत नाहीत. ॲडिपोनेक्टिन या कार्यास साहाय्य करते. ते कमी पडले आणि त्यातच रक्तातील साखर चढी राहिली, की अस्तर चिकट होते. एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते, पांढऱ्या पेशी त्यामागे जाऊन ते गिळतात व फेसाळ दिसणाऱ्या पेशींत रूपांतरित होतात. अशा पेशींचा थर वाढत जातो. त्यावरील आवरण फाटले तर तेथे क्षणात गुठळी होते. मेदातूनच येणारे पीएआय-१ हे द्रव्य गुठळी विरघळण्याच्या क्रियेस अडथळा करते, आणि धोका दुणावतो.

पोटातील मेदाचे रक्त थेट यकृताकडे जाते. तेथे पोहोचलेली मेदाम्ले यकृतावरील इन्शुलिनचा परिणाम क्षीण करतात व रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढवतात. मांड्यांवरील मेद तुलनेने निरुपद्रवी ठरतो तो यामुळेच.

== पुण्यातील संशोधन ==

या विषयात महाराष्ट्राचे योगदान मोलाचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या संशोधकांसह 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, तर साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे 3.5 किलो. पुण्याच्या बालकांत स्नायू व पोटातील अवयव लहान होते. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. वजनाने हलके पण प्रमाणाने मेदयुक्त, असा हा बांधा जन्मापासूनच दिसला.

2004 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक 22.3 होता. युडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाट्यावर विसंबून राहण्यातील धोका याहून थोडक्यात सांगणे अवघड आहे.

समान बांध्याच्या युरोपीय लोकांपेक्षा दक्षिण आशियाई लोकांत ॲडिपोनेक्टिन कमी असल्याचेही अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून भारतात शरीरभार निर्देशांक 23 पासून वजन अधिक मानतात व 25 पासून स्थूलता; कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90 सेंमी व स्त्रियांसाठी 80 सेंमी आहे. घेर मोजताना फीत शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर धरतात आणि श्वास सोडल्यावर नोंद घेतात.

== रायगड किनारपट्टीच्या संदर्भात ==

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात सडसडीत माणसाला 'साखर' होत नाही, ही समजूत अजून ऐकू येते. वरील संशोधन तिला छेद देते. हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, हा आपल्याकडे नित्य दिसणारा बांधा वैद्यकाच्या दृष्टीने निर्धोक नाही. ताजी मासळी हितकारकच. पण ताटात भाताचा ढीग असेल आणि वल्हे, जाळे किंवा शेतीचे कष्ट सुटले असतील, तर केवळ मासळीने कमरेचा घेर कमी होत नाही. सुक्या खाऱ्या मासळीतील मीठ रक्तदाब वाढवते, आणि वाढलेला रक्तदाब रोहिणीच्या अस्तरावर आणखी ताण आणतो.

== उपचार व मतभेद ==

पायोग्लिटाझोन हे औषध ॲडिपोनेक्टिन वाढवते. तथापि ते शरीरात पाणी साठवते आणि हृदय दुर्बल झालेल्या रुग्णास देत नाहीत. ॲडिपोनेक्टिन हे रोहिणीविकाराचे कारण की केवळ निदर्शक, यावर एकमत नाही. हृदय दुर्बल झालेल्या वृद्धांत त्याचे चढे प्रमाण उलट अधिक मृत्यूंशी निगडित आढळते. या संप्रेरकांची रक्ततपासणी नित्याच्या उपचारात करीत नाहीत. रक्तशर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवर नियंत्रण, तंबाखूचा त्याग, नियमित चालणे आणि पोटाचा मेद घटवणे हेच उपचाराचे मुख्य अंग आहे. वजनात 5 ते 10 टक्के घट झाली तरी लेप्टिन उतरते व इन्शुलिनचा परिणाम सुधारतो.