आमच्या शहरातील तीन थोर पुरुष

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस लेख मागितला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारा जन्म धान्याच्या घाऊक व्यापारात गेलेला. ज्वारी-तुरीच्या भावाविषयी चार शब्द लिहिणे निराळे व थोर पुरुषांची चरित्रे लिहिणे निराळे. परंतु मंडळींचा आग्रह मोडवेना. शिवाय व्यापाऱ्याच्या मनात कित्येक वर्षे घोळत असलेली एक गोष्ट या निमित्ताने आपल्या सभासद बंधुभगिनींपुढे मांडता येईल असे वाटले, म्हणून ही लेखणी हाती घेतली आहे.

हैदराबाद व सिकंदराबाद या जुळ्या शहरांत अनेक कर्ते पुरुष होऊन गेले. त्यांपैकी तिघांचीच ओळख येथे करून द्यावयाची आहे. एक शास्त्रज्ञ, एक कलावंत व एक राजकारणी. तिघांचे क्षेत्र भिन्न, स्वभाव भिन्न, परंतु एक गुण तिघांतही समान होता. जे केले, जे पाहिले, त्याची नोंद त्यांनी ठेवली. वहीवर जगणाऱ्या आपल्या समाजास या गुणाचे मोल निराळे सांगावयास नको.

पहिले सर रोनाल्ड रॉस. त्यांचा जन्म १८५७ साली अल्मोडा येथे झाला. लष्करी वैद्यकीय सेवेत ते सिकंदराबादच्या छावणीत होते. हिवतापाचे जंतू रोग्याच्या रक्तात असतात, हे लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली दाखविले होते. पण ते जंतू एका माणसाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात कसे, हे कोणास उलगडले नव्हते. डासाचा यात हात असावा, असा मॅन्सन या स्कॉटिश वैद्याचा तर्क होता. तर्क खरा की खोटा, हे ठरविण्यासाठी रॉस यांनी शेकडो डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. उकाडा असह्य होई, परंतु पंखा चालविला तर चिरलेले डास उडून जातील, म्हणून पंखाही बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजून गेले, असे त्यांनी पुढे लिहून ठेविले आहे.

हुसेन खान नावाचा एक हिवतापाचा रोगी होता. डासांनी त्यास चावावे व त्याबद्दल दर डासामागे त्यास एक आणा द्यावा, असा करार ठरला. १६ ऑगस्ट १८९७ रोजी त्यास चावलेल्या डासांपैकी एकाच्या जठराच्या आवरणात २० ऑगस्ट रोजी रॉस यांना हिवतापाच्या जंतूंचे काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. गूढ उकलण्याची किल्ली सापडली ती त्या दिवशी, सिकंदराबादेत. पुढे त्यांची बदली झाली. उरलेले संशोधन त्यांनी १८९८ साली कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर पूर्ण केले व १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेगमपेटच्या जुन्या विमानतळानजीक त्यांच्या नावाची संस्था आहे, आणि २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास-दिन म्हणून पाळला जातो.

आम्हांस यातील विशेष वाटतो तो हा की, रॉस यांच्याबरोबर हुसेन खानाचेही नाव आज शिल्लक आहे. सव्वाशे वर्षे उलटून गेली. त्या गरीब रोग्याची इस्टेट नव्हती, वंशावळ कोणास ठाऊक नाही. केवळ एका चोख माणसाने त्याचे नाव व त्याचा आणा टिपून ठेविला, म्हणून आपण ते आज उच्चारतो.

दुसरे राजा दीनदयाळ. हे तर आपल्या समाजाचे भूषण. मेरठजवळील सरधना या गावी १८४४ साली एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा रत्नांचा, पण त्यांनी रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेतले व १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्यात नोकरी धरली. तेथेच त्यांना छायाचित्रणाचा नाद लागला. १८८६ साली त्यांनी सिकंदराबादेस आपला स्टुडिओ उघडला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमले व ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. पडद्यातील स्त्रियांना परपुरुषासमोर बसणे शक्य नसे, हे जाणून १८९२ साली त्यांनी केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंच्या स्वाधीन केला. गिऱ्हाइकाची अडचण ओळखून तिच्यावर तोड काढणे, ही जवाहिऱ्याच्या घरची बुद्धी नव्हे काय?

त्यांच्या हातून राजवाडे, शिकारी, मेजवान्या यांची चित्रे झाली, तशीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबाद भागात दुष्काळी कामे चालली होती, त्यांचीही झाली. आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ मराठवाड्यात आहे. त्या चित्रांतील हाडकुळी माणसे आपल्याच आजा-पणजांच्या गावची असतील. निजामाच्या चित्राखाली नाव आहे, सरदारांच्या चित्राखाली नाव आहे. या माणसांची नावे मात्र आज आपणास ठाऊक नाहीत. चित्र राहिले, माणूस हरवला.

दीनदयाळ १९०५ साली वारले. काचेच्या पट्ट्यांवरील त्यांची चित्रे घराण्यात जपली गेली, आणि १९८९ साली त्यांपैकी २,८५७ पट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. काच किती नाजूक वस्तू! ती शंभर वर्षे टिकली, कारण घरच्यांनी ती अडगळ मानली नाही.

तिसरे स्वामी रामानंद तीर्थ. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. तारुण्यात कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ त्यांनी काम केले. पुढे हिप्परगा व अंबाजोगाई येथे ते शिक्षक होते. संन्यास घेतला, परंतु अरण्य न गाठता ते राजकारणात उतरले. १९३८ साली निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी घातली, तेव्हा सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. तेलुगू, मराठी व कानडी अशा तीन भाषांच्या लोकांना एका लढ्यात बांधण्याचे काम त्यांनी केले. देश स्वतंत्र झाला तेव्हा ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांना अटक झाली. मध्यंतरी थोडे दिवस सुटका, पुन्हा तुरुंग, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात सामील झाले, तेव्हाच त्यांचा कारावास संपला.

पुढे १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. भाषावार प्रांतरचनेचे ते पुरस्कर्ते होते. १९५६ साली संस्थानाचे तीन भाग झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. स्वामीजी मात्र अखेरपर्यंत आमच्या शहराचे राहिले. १९६७ साली त्यांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेतच त्यांनी देह ठेविला. बेगमपेट येथे त्यांचे स्मारक आहे, व नांदेडचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमच्या तीर्थरूपांच्या हातच्या जुन्या कीर्दी व खतावण्या गोदामाच्या माळ्यावर होत्या. लहानपणी आम्ही त्यांतील एक वही पाहिली होती. १३ सप्टेंबर १९४८ पासून पाच दिवस जमा-नावेच्या जागी केवळ ‘दुकान बंद’ एवढीच अक्षरे होती. सहाव्या दिवशी दोन पोती ज्वारीची विक्री, गिऱ्हाइकाच्या नावासह. संस्थानाचे राज्य गेले, नवे आले, आणि व्यापाऱ्याने पुन्हा तराजू उचलला, हे सारे त्या दोन पानांत होते. काही वर्षांपूर्वी गोदामाची दुरुस्ती काढली, तेव्हा त्या साऱ्या वह्या आम्ही रद्दीवाल्यास वजनावर दिल्या. किती पैसे आले, तेही आज आठवत नाही.

पुढल्याच वर्षी विद्यापीठातील एक मुलगी दुकानी आली. १९४८ साली आमच्या बाजारात धान्याचे भाव काय होते, हे तिला पाहावयाचे होते. आम्ही तिला बसविले, चहा पाजला, व रिकाम्या हाताने परत पाठविले. ती गेल्यावर गादीवर बसवेना. कोणी चोरले नाही, आग लागली नाही, पूर आला नाही. आम्हीच आपल्या हाताने ते मोडीत काढले होते.

थोर पुरुष सर्वांस होता येत नाही. रॉस यांची बुद्धी, दीनदयाळांची दृष्टी, स्वामीजींचा त्याग हे सारे लाखांत एखाद्यास लाभते. नोंद ठेवणे मात्र आपणास पिढ्यान्‌पिढ्या येते. श्रुतपंचमीस वा ज्ञानपंचमीस आपण धर्मग्रंथांवरील धूळ झाडतो, त्यांना नव्या वस्त्रात बांधतो. त्या दिवशी घरातील जुन्या वह्याही उन्हे देऊन, कडुनिंबाचा सुका पाला घालून बांधून ठेवाव्यात. घरच्या छायाचित्रांमागे शिसपेन्सिलीने नावे व साल लिहावे. केवळ शेटजींचेच नव्हे, तर मुनीम, तोलणारा व हमाल यांचेही. ज्यांना वह्या ठेवण्यास जागा नसेल, त्यांच्यासाठी संस्थेने कार्यालयात एक कपाट करावे. त्याचा खर्च आम्ही आनंदाने सोसू.

आमच्याजवळ आता जुने म्हणावे असे एकच छायाचित्र उरले आहे. तीर्थरूप दुकानाच्या पायरीवर बसले आहेत, शेजारी मुनीमजी, मागे पोत्यांच्या थप्पीला टेकून तीन हमाल उभे. दोघांची नावे आम्ही मागे लिहिली आहेत. डाव्या हाताच्या कोपऱ्यातील, डोक्याला फडके बांधलेल्या तिसऱ्याचे नाव आम्हांस आठवत नाही. ते छायाचित्र आम्ही कार्यालयात ठेवीत आहोत. वडीलधाऱ्या सभासदांपैकी कोणी त्यास ओळखत असल्यास कृपा करून कळवावे.

लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास वाचकांनी क्षमा करावी.