आठवीतलं वाचन : मूल नेमकं कुठे अडतं?

अचलपूर-परतवाडा भागातल्या एखाद्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आठवीचा वर्ग भरतो, तेव्हा त्यात आसपासच्या कितीतरी शाळांमधून आलेली मुलं असतात. बरीचशी घरी वऱ्हाडी बोलणारी. काही मेळघाटातून वसतिगृहात आलेली कोरकू मुलं. कुणी सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेलं, तर कुणाचे आईवडील मध्य प्रदेशातून कामाला आलेले, म्हणून घरात हिंदी. पहिली घटक चाचणी होते, पेपर तपासून होतात आणि शिक्षकांच्या खोलीत या सगळ्यांसाठी एकच शब्द निघतो : ‘कच्ची’. मग उपायही एकच ठरतो. सरसकट बाराखडी आणि रोज दहा ओळी शुद्धलेखन.

हा प्रश्न एका तालुक्यापुरता नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालासाठी २०२३मध्ये झालेल्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांमधली १४ ते १८ वयाची मुलं तपासली गेली. त्यातल्या सुमारे चौथाई मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सफाईने वाचता आला नाही. २०२१मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे. आठवीतल्या मुलाची जबाबदारी त्यामुळे हायस्कुलावरच येते, आणि तिथल्या बहुतेक शिक्षकांना वाचन कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण कधी मिळालेलंच नसतं.

सुरुवात करायची ती प्रत्येक मुलाला एकेकट्याने समोर बसवून. एक सोपा, दुसरी-तिसरीच्या पातळीचा परिच्छेद आणि एक त्याच्याच विज्ञानाच्या पुस्तकातला. मूल मोठ्याने वाचतं, शिक्षक आपल्या प्रतीवर अडलेल्या जागी खूण करतात. मग दोन प्रश्न : एकाचं उत्तर मजकुरात सरळ दिलेलं, दुसऱ्याचं विचार करून काढायचं. शेवटी ‘काय समजलं ते तुझ्या घरच्या भाषेत सांग.’ ती भाषा शिक्षकांना येत नसेल, तर ती बोलणारा दुसरा विद्यार्थी मदतीला घ्यावा. चित्रकलेच्या आणि खेळाच्या शिक्षकांनीही मुलं वाटून घेतली, तर आठवड्याभरात वर्ग पुरा होतो.

या तपासणीत काय दिसतं, ते एका वाक्यावर पाहू : ‘उष्णतेमुळे तळ्यातल्या पाण्याचं बाष्पीभवन होतं आणि ती वाफ उंचावर थंड झाली की तिचं संघनन होतं.’

एक मुलगा ‘उ… ष… ण’ करत थांबतो. त्याला अक्षरं आणि काना-मात्रा येतात, जोडाक्षरं येत नाहीत. त्याला ‘अ’पासून सुरू करायला लावणं म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाचा अपमान आहे. आधी ण्या, च्या, ल्या, त्या, म्ह अशी रोज भेटणारी जोडाक्षरं घ्यावीत, कारण मराठीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘पाण्याचा’, ‘त्याच्या’, ‘झाल्यावर’ येतंच. मग ‘र’. तो ‘सूर्य’मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण उच्चारायचा आधी, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘वऱ्हाड’मध्ये त्याचं रूप पुन्हा निराळं. या चार रूपांचे शब्द शेजारी-शेजारी लिहून आठवडाभर वाचले, की वाट बरीच मोकळी होते.

हिंदी भाषक मुलगी तेच वाक्य खडखडीत वाचते आणि ‘पाणी कुठलं?’ या प्रश्नाला गप्प बसते. लिपी तिची रोजची आहे, फार तर ‘ळ’पाशी जीभ अडखळेल. ‘तळ्यातल्या’ हे ‘तळं’पासून आलंय, हे मात्र तिला दिसत नाही. प्रत्यय लागताना मराठी शब्द आतून बदलतो : तळं–तळ्यात, ससा–सशाला. अशा जोड्या भिंतीवर लावाव्यात आणि तिला मराठी बोलायला भरपूर वाव द्यावा.

कोरकू मुलाची अडचण सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं मुळातून नातं नाही. तिच्यात नामांची विभागणी मराठीसारखी लिंगांनुसार नाही, तर सजीव-निर्जीव अशी होते. वरच्या वाक्यात ‘ती’ आणि ‘तिचं’ हे शब्द ‘वाफ’ स्त्रीलिंगी आहे या एकाच धाग्याने तिला जोडलेले आहेत. तो धागा हाती नसला, तर शब्द वाचता येऊनही अर्थ सुटतो. त्याच्यासाठी प्रत्येक परिच्छेदाला ‘ती म्हणजे कोण?’ विचारायचं आणि पेन्सिलीने बाण काढायला लावायचा. जोडीने आधी कोरकूत सांगू द्यायचं, मग मराठीत.

उर्दू शाळेतून आलेला मुलगा हळू वाचतो. देवनागरी तो शिकलेला आहे, पण ती त्याच्या सवयीची लिपी नाही. वाचन म्हणजे काय ते मात्र त्याला पक्कं माहीत असतं, आणि बाष्पीभवन त्याने ‘तबखीर’ या नावाने शिकलेलं असतं. त्याला फक्त सराव हवा : तोच उतारा तीन-चारदा, आधी शिक्षकांच्या मागून, मग एकट्याने.

राहिली वऱ्हाडी मुलं. यांतली अनेक जण न चुकता वाचतात आणि ‘संघनन म्हणजे काय?’ म्हटलं की तेच वाक्य पुन्हा म्हणतात. यांची संख्या बहुधा सर्वांत मोठी असते आणि यांच्याकडे दुर्लक्षही सर्वांत जास्त होतं.

इथून पुढे दोन कामं समांतर चालवायची. पहिलं म्हणजे रोजची एक तासिका. आठवी-नववीची मुलं त्या वेळेपुरती इयत्तेनुसार न बसता अडचणीनुसार बसतात. पातळीप्रमाणे गट करण्याची ही रीत ‘प्रथम’ संस्थेने प्राथमिक वर्गांसाठी रुजवली. हायस्कुलात ती वापरताना मजकूर मात्र वयाला शोभणारा हवा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात. क्रिकेटचा वृत्तान्त, बियाण्याच्या पिशवीवरची माहिती, एसटीचं वेळापत्रकही चालतं. बडबडगीतं नकोत.

दुसरं काम विषयशिक्षकांचं, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो. विज्ञानाच्या बाईंनी धड्याआधी चार-पाच शब्द फळ्यावर घ्यावेत आणि फोडून दाखवावेत : बाष्पी-भवन, वक्री-भवन. थंड पाण्याच्या पेल्याबाहेर जमलेले थेंब दाखवून मगच ‘संघनन’ म्हणावं. गणिताच्या सरांनी ‘अनुक्रमे’ आणि ‘पेक्षा’ समजलंय याची खात्री करावी. कित्येक गणितं या दोन शब्दांवर चुकतात. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा प्रश्न आला, तर उत्तरात ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ कुठे येतात, हे एक उत्तर सगळ्या वर्गाने मिळून फळ्यावर लिहून शिकवावं. पुढच्या उत्तराला हे तीन शब्द फळ्यावर ठेवून बाकीचं मुलांनी भरावं. महिन्याभराने तेही पुसून टाकावेत.

दिवाळीच्या सुट्टीआधी तशीच तपासणी पुन्हा करावी, उतारे नवे पण त्याच पातळीचे. ज्यांची अडचण सुटली, त्यांना लगेच त्या गटातून बाहेर काढावं. जागेवर ठेवलेलं मूल कंटाळतं. एवढं करूनही जो पुढे सरकत नाही, त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तिथे काही निघालं नाही, तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करावी. निदान झालं, तर राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते हाती यायला वेळ जातो, म्हणून पालकांना आठवीतच बोलावून ही कागदपत्रं सुरू करावीत.