अठ्ठावीस दिवसांचा माल

बडोद्यातील जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना दारावरची गणेशपट्टी आठवत असेल. सागवानी चौकटीच्या माथ्यावर मधोमध कोरलेला गणपती, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी, आणि सणासुदीला तिच्यावर झुलणारे आंब्याच्या पानांचे तोरण. या पट्टीच्याही वर, भिंतीत दडलेली, एक जाड तुळई असे. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नसे. पण दाराच्या पोकळीवर उभ्या असलेल्या भिंतीचे सारे ओझे ती बिचारी मुकाट्याने पेलीत असे. आमच्या घराचा उदरनिर्वाह गेली पन्नासहून अधिक वर्षे या दुसऱ्या, न दिसणाऱ्या तुळईवर चालला आहे. आता ती लाकडाची राहिलेली नाही, काँक्रीटची झाली आहे, आणि इंजिनिअरापासून कडियापर्यंत सारेजण तिला लिंटेल म्हणतात.

माझे सासरे (आम्ही सुना त्यांना मामंजी म्हणत असू) कलाभवनाचे पदविकाधारक. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेली ही संस्था पुढे विद्यापीठाच्या तंत्रशाखेत सामावली, तरी जुन्या बडोदेकरांच्या तोंडी तिचे नाव कलाभवनच राहिले. काही वर्षे नोकरी केल्यावर १९७२ साली मामंजींनी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक तुकडा घेतला आणि लिंटेल, छज्जे, जाळ्या, कुंपणाचे खांब व छताच्या फळ्या ओतण्याचे काम सुरू केले. भोवताली यंत्रांचे सुटे भाग करणारे कारखाने. त्यांत आमचे हे ओले, चिखलाळ अंगण. पाहुण्यांना कारखाना दाखवायला नेले की ते विचारीत, "पण यंत्रे कोठे आहेत?" यंत्र म्हणजे एक मिक्सर आणि एक थरथरणारे टेबल. बाकी लोखंडी साचे, पाण्याचा हौद, आणि ओळीने मांडून ठेवलेला माल.

१९७९ साली मी सून म्हणून या घरात आले. वर्षभरातच मामंजींनी माझ्या हाती एक लांबट वही दिली. "सूनबाई, तुझं अक्षर चांगलं आहे. आजपासून तारखा तू लिहायच्या." हिशेबाची वही ते स्वतः पाहत, मला दिली ती तारखांची. कोणता माल कोणत्या दिवशी ओतला, कोणत्या दिवशी पाण्यातून काढला, आणि कोणत्या दिवशी फाटकाबाहेर जाऊ शकेल, एवढेच तीत लिहायचे. त्या वेळी मला हे काम फार क्षुल्लक वाटले. हा सारा धंदाच तारखांचा आहे हे कळायला मला काही वर्षे लागली.

काँक्रीट वाळल्याने घट्ट होते, असा आपल्या घरोघरी समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन ते दगडासारखे बनते आणि हा संयोग चालू राहण्यासाठी त्याला ओले ठेवावे लागते. सात दिवसांत त्याला अपेक्षित बळापैकी सुमारे दोन-तृतीयांश येते. पुरते बळ मोजायचे ते अठ्ठाविसाव्या दिवशी, अशी जगभरची रीत आहे. म्हणून आमच्याकडे माल पहिले चौदा दिवस पाण्यात किंवा ओल्या गोणपाटाखाली राहतो, पुढचे चौदा दिवस सावलीत. प्रत्येक ओतणीच्या वेळी पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात. ते दाबयंत्रात घालून फोडले की त्या दिवशीचे काँक्रीट कसे होते ते कळते. ठोकळा फुटताना जो आवाज होतो त्याने मी पहिल्यांदा दचकले होते. पुढे आवाजावरूनच अंदाज येऊ लागला.

बळ बिघडवणारा खरा शत्रू पाणीच, हाही एक विरोधाभास. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरते. पण एवढ्या कोरड्या गाऱ्याला साच्यात बसवायला कष्ट पडतात, म्हणून कामगार हळूच आणखी अर्धी बादली ओततो. गारा मग दह्यासारखा सरकतो आणि सगळ्यांना बरे वाटते. संयोगात न लागलेले हे पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या ठेवते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही लिंटेल सारखीच दिसतात. मामंजी मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसत ते त्या अर्ध्या बादलीसाठी.

आता धंद्याच्या बाजूने पाहा. सिमेंटचे पैसे आधी द्यायचे. परवान्याच्या काळात तर पैसे देऊनही पोती वेळेवर हाती येत नसत. फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले, तेव्हा कुठे ही यातायात संपली. सळ्यांचे पैसे रोख, मजुरी दर आठवड्याला, ओरसंगच्या रेतीच्या ट्रकवाल्याला तिथल्या तिथे. मग तो माल अंगणात महिनाभर पडून राहणार. विकला गेल्यावर ठेकेदार पैसे देणार ते त्याला मालकाकडून मिळतील तेव्हा. छोट्या उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ साली झाला. पण ज्याच्याशी उद्या पुन्हा व्यवहार करायचा आहे त्याच्यावर आज कायद्याचा बडगा कोण उगारणार? अशा स्थितीत नऊ दिवसांचा माल अठ्ठावीस दिवसांचा म्हणून गाडीत चढवण्याचा मोह किती मोठा असतो, ते या धंद्यात राहिल्याशिवाय समजणार नाही. नऊ दिवसांचे लिंटेल तुटत नाही, निदान लगेच तरी. म्हणूनच तो मोह.

आमच्या हातूनही एक चूक झाली, पण ती तारखेची नव्हती. १९८६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. जवळच्या गावी एका कुटुंबाने स्वयंपाकघर वाढवले होते. दारावर आमचे चार फुटी लिंटेल होते. एके सकाळी त्या घरच्या बाईंच्या चुलीशेजारी गिलाव्याचा मोठा पोपडा पडला आणि वर पाहतात तो लिंटेलला खालून मधोमध चीर गेलेली. निरोप येताच मामंजी स्कूटरवरून गेले, आधी लाकडी टेकू लावला आणि मग गिलावा खरवडून पाहिले. लिंटेल उलटे बसवले होते.

उलटे म्हणजे काय, ते सांगायला हवे. ओझ्याखाली तुळई किंचित वाकते, तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच. तो ताण घेण्यासाठी खालच्या बाजूला जाड सळ्या असतात. आम्ही खाली दोन जाड सळ्या आणि वर दोन बारीक घालीत असू. बाहेरून चारी बाजू सारख्याच गुळगुळीत. कडियाने उचलले आणि ठेवले. जाड सळ्या वर गेल्या, बारीक खाली आल्या. छज्जाचे याच्या नेमके उलट असते. तो भिंतीतून बाहेर झुकलेला असल्याने ताण वरच्या बाजूला येतो, सळ्याही वरच हव्यात. आणि ओतताना कामगाराचा पाय पडून त्या खाली दबल्या तर छज्जा नुसत्या काँक्रीटच्या भरवशावर राहतो.

मी मामंजींना म्हटले, "चूक कडियाची आहे, भरपाई आपण का द्यायची?" शंभर किलोंचे ते ओझे नव्याने नेऊन बसवायचे, भिंत टेकवायची, गिलावा करायचा, सारा खर्च आमच्या अंगावर येणार होता. ते म्हणाले, "उलटी बसवता येईल अशी वस्तू आपण केली. कडियाला सळ्या दिसतात का?" त्या आठवड्यापासून आमच्या लिंटेलमध्ये वर आणि खाली सारख्याच जाडीच्या सळ्या पडू लागल्या. लोखंड वाढले, भाव वाढला, दोन ठेकेदार सोडून गेले. छज्जावर लाल रंगाचा बाण आणि गुजराती लिपीत 'उपर' हा शब्द आला. मराठीत का नाही, असे आमच्याच एका आप्तांनी विचारले होते! वाचणारा कडिया गुजराती. त्याला कळले नाही तर त्या अक्षरांचा उपयोग काय?

त्यानंतर मला वाटत असे की आपला माल निर्दोष झाला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे यांनी माणसे गाडली गेली. ते वाचून हळहळलो, पण त्याचा आमच्या काँक्रीटशी संबंध जोडला नाही. तो संबंध २६ जानेवारी २००१ रोजी जुळला. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती, पण पाण्याला सुट्टी नसते. मालावर पाणी मारायला मी आणि आमचा रखवालदार असे दोघेच होतो. पावणेनऊच्या सुमारास हौदातले पाणी एका कडेवरून दुसऱ्या कडेला हेलकावू लागले आणि काठावरून सांडले. पायाखाली काय होते आहे ते कळायच्या आत रचलेली कुंपणाची खांबे घरंगळली.

कच्छमधली वर्णने पुढे हळूहळू येऊ लागली. आमच्या मनाला लागली ती तिथल्या तयार भागांनी जोडून बांधलेल्या शाळांची हकिगत. अनेक ठिकाणी छताच्या फळ्या भिंतींवर नुसत्या टेकलेल्या होत्या. एकमेकींशी आणि भिंतींशी त्यांची बांधणी पुरेशी नव्हती. जमीन हलली, भिंती सरकल्या आणि फळ्या निसटून खाली आल्या. फळी म्हणून ती फळी कदाचित उत्तम असेल, अठ्ठावीस दिवसांची असेल. लंडनमध्ये १६ मे १९६८ रोजी रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत स्वयंपाकाच्या गॅसचा स्फोट होऊन एक भिंत निखळली आणि तिच्यामागून एकावर एक रचलेला सारा कोपराच कोसळला. चार माणसे गेली. तिथेही प्रश्न सांध्यांचा होता. मामंजींना हे ठाऊक होते. रुडकीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने बसवलेल्या पद्धतीप्रमाणे आम्ही फूटभर रुंद फळ्या करीत असू, आणि त्या तुळयांवर मांडून वर सळ्यांसह काँक्रीटचा थर ओतावा असे त्या पद्धतीत स्पष्ट होते. पण तो थर ओतणे गिऱ्हाइकाकडे. आम्ही फळ्या विकत होतो, आणि काही गिऱ्हाइके थराचे पैसे वाचवीत होती, हे आम्हांला माहीत होते.

मामंजी तेव्हा थकले होते. त्यांनी एवढेच विचारले, "फळ्या नेलेल्यांची नावं वहीत आहेत ना?" होती. मी आणि माझे यजमान तीन महिने रविवारी फिरलो. बहुतेक ठिकाणी थर होता. काही घरांत नव्हता; दोघांनी आमच्या सांगण्यावरून ओतून घेतला, काहींनी चहा पाजून वाटेला लावले. एका गृहस्थांनी तर माल खराब असल्याशिवाय कोणी अशा चकरा मारते का, असे तोंडावर विचारले आणि ही गोष्ट गावभर केली. पुढचे वर्षभर फळ्यांची मागणी जवळजवळ थांबली होती.

तेव्हापासून आमच्या फळ्यांच्या टोकांतून सळ्यांची टोके बाहेर राखलेली असतात. थर ओतल्याशिवाय जमीन नीट होतच नाही. आणि भूकंपाची धास्ती असलेल्या भागातून कोणी सुट्या लिंटेलसाठी आले, तर आम्ही सांगतो की दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून घराभोवती अखंड फिरणारा पट्टा जागेवरच ओतून घ्या. तो कमरेच्या पट्ट्यासारखा भिंतींना धरून ठेवतो. म्हणजे आमचा माल घेऊ नका, असेच ते सांगणे.

सध्या कारभार मुलाकडे आहे. मोठे कारखाने ओतलेला माल वाफेवर ठेवून एका दिवसात साच्यातून उचलण्याजोगा करतात. आपणही छोटा बॉयलर घ्यावा असे त्याचे म्हणणे आहे आणि ते मला अयोग्य वाटत नाही. मात्र त्याने तारखांची वही संगणकावर नेली तरी कागदाची वही मी बंद करू दिलेली नाही. गेल्या आठवड्यात एका ठेकेदाराचा दूरध्वनी आला, वीस लिंटेल उद्या सकाळी हवीत, पैसे रोख. मुलाने पडदा पाहिला, मी वही पाहिली. माल अकरा दिवसांचा होता. मुलाने माझ्याकडे न पाहताच त्याला सतरा दिवसांनंतरची तारीख दिली. तो दुसरीकडे गेला.