लॅपटॉप आणि ब्लूटूथ हेडफोन : दोन दशकांचा मागोवा

लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आधी आले, त्यावरून गाणी ऐकण्याची सोय बऱ्याच उशिरा आली. एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी १९९८ मध्ये या तंत्रज्ञानासाठी संघ उभारला, तेव्हा नजर होती ती मुख्यतः मोबाइलच्या वायरीवर. त्यामुळे ध्वनीची पहिली व्यवस्था फोनवरच्या बोलण्यापुरतीच झाली : एकच वाहिनी आणि सेकंदाला ८,००० नमुने. बोलणे कळायला एवढे पुरे. गाण्याला मात्र अगदीच अपुरे.

संगीतासाठीचे ए-टू-डीपी हे प्रोफाइल, म्हणजे जोडणीचे ठरावीक नियम, २००३ मध्ये ठरले. आवाज एसबीसी या कोडेकने आटोपशीर करून, डावी-उजवी बाजू राखून पाठवायचा. चांगल्या प्रतीसाठी सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट. या प्रोफाइलची एक मर्यादा पुढे वीस वर्षे पुरली : त्यात आवाज एकाच दिशेने जातो, लॅपटॉपकडून कानाकडे. माइकचा आवाज उलट पाठवायचा तर जुन्याच बोलण्याच्या प्रोफाइलकडे वळावे लागे.

त्या काळातली खरी अडचण रेडिओची नव्हती, सॉफ्टवेअरची होती. २००४ च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये ब्लूटूथ होते, पण ध्वनी नव्हता. माउस जोडला जाई, हेडफोन नाही. मग लॅपटॉपबरोबर आलेले विडकॉम किंवा तोशिबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागे, आणि विंडोज नव्याने टाकली की नेमके तेच हरवे. विंडोज ७ वरही हेडफोनला ०००० हा पिन देऊन जोडणी पुरी व्हायची आणि लगेच ‘ब्लूटूथ पेरिफेरल डिव्हाइस’चा ड्रायव्हर सापडत नसल्याची सूचना झळकायची. हेडफोन यादीत दिसे, आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरमधून येई. यात वापरणाऱ्याची काहीच चूक नसे. ॲपलने ब्लूटूथवर संगीत ऐकण्याची सोय ऑक्टोबर २००७ मध्ये मॅक ओएस टेन लेपर्डमध्ये आणली. विंडोजमध्ये ती २०१२ च्या विंडोज ८ बरोबर अंगभूत झाली. लिनक्सवर सुरुवातीला हेडफोनचा बारा अक्षरी पत्ता एका फाइलमध्ये हाताने लिहावा लागे. पुढे पल्सऑडिओ ही ध्वनी व्यवस्था आली, आणि २०२१ मध्ये फेडोरा ३४ या लिनक्सच्या आवृत्तीने तिच्या जागी पाइपवायर स्वीकारल्यावर हा त्रास बराच सरला.

जोडणी जमल्यावर दुसरे दुखणे उरले, ते म्हणजे अडखळणारा आवाज. लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच छोट्या कार्डावर असतात, आणि दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दाटीवाटीने राहतात. मोठी फाइल उतरू लागली की गाणे तुटते. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेले की बहुतेक वेळा ते सुरळीत होते.

माइकचा प्रश्न २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी कळला. ऑनलाइन वर्ग आणि बैठका सुरू झाल्या आणि एकाच हेडफोनची विंडोजमध्ये दोन नावे दिसू लागली : एक ‘स्टिरिओ’, दुसरे ‘हँड्स-फ्री’. बैठकीच्या ॲपने हेडफोनचा माइक घेतला की लॅपटॉप गुपचूप दुसऱ्यावर जाई. मागे चालू असलेले गाणे डब्यातून आल्यासारखे होई, किंवा पहिल्या नावावर आवाजच येत नसे. अनेकांनी हेडफोन बिघडला असे समजून तो बदलला. बिघाड मात्र कुठेच नव्हता. २०११ पासून बोलण्यासाठी १६,००० नमुन्यांची रुंद व्यवस्था उपलब्ध होती. तीही एकाच वाहिनीची, आणि दोन्ही उपकरणांना ती येत असेल तरच चालणारी. विंडोज ११ ने ही दोन नावे एकत्र केली. गोंधळ कमी झाला, मूळ मर्यादा तशीच राहिली.

तिच्यावरचा उपाय जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला : एलई ऑडिओ आणि त्याचा एलसी३ हा कोडेक. यात बोलणे आणि उत्तम प्रतीचे ऐकणे एकाच वेळी चालू शकते. २०२३ पासून विंडोज ११ मध्ये त्याला आधार मिळू लागला, पण त्यासाठी हेडफोन, लॅपटॉपमधली रेडिओ चिप आणि ड्रायव्हर हे तिन्ही त्या तयारीचे लागतात. जुन्या लॅपटॉपला नुसत्या विंडोज अपडेटने ते मिळत नाही. अशा लॅपटॉपवर बैठकीच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडावा. हेडफोन स्टिरिओतच राहतो.