दुसरा टाइमशेअर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कसा?

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा, पुढच्या अनेक वर्षांसाठी आगाऊ विकत घेतलेला हक्क. भारतात स्टर्लिंग हॉलिडेज १९८६ पासून आणि ‘क्लब महिंद्रा’ चालवणारी महिंद्रा हॉलिडेज १९९६ पासून या धंद्यात आहे. आपल्या चंद्रपूर भागात वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), ऊर्जानगरचे वीज केंद्र, भद्रावतीची आयुध निर्माणी, बल्लारपूरची पेपर मिल अशा स्थिर पगाराच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना हे सभासदत्व हप्त्यांवर घेणे जमण्यासारखे असते. काही वर्षांनी मुले मोठी होतात, सुना-जावई येतात, खोली अपुरी पडू लागते. नेमका तेव्हाच फोन येतो की जुन्या सभासदांसाठी खास योजना आहे, दुसरे सभासदत्व घ्या. हा लेख त्या फोननंतर विचारात पडलेल्यांसाठी आहे.

सुरुवात पहिल्या सभासदत्वाच्या हिशेबापासून करावी. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन मागच्या पाच वर्षांचा उतारा काढा. दरवर्षी किती दिवस मिळाले, किती वापरले, किती वाया गेले, हे एका कागदावर लिहा. मागूनही आरक्षण मिळाले नाही असे प्रसंग उताऱ्यात सहसा दिसत नाहीत. ते जुने ईमेल पाहून आणि घरच्यांना विचारून लिहावे लागतात.

दिवस वाया जात असतील तर दुसऱ्या सभासदत्वाचा विचार इथेच थांबवावा. आधीचे दिवस का वापरले गेले नाहीत, ते शोधणे जास्त गरजेचे आहे. रजा मिळत नसेल, प्रवास झेपत नसेल, तर दुसऱ्या सभासदत्वाचे दिवसही तसेच जातील.

आता एका रात्रीचा खरा दर काढू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतो. समजा ४ लाख रुपयांत २५ वर्षांसाठी दरवर्षी ७ रात्री मिळाल्या. एकूण १७५ रात्री, म्हणजे रात्रीमागे साधारण २,२८५ रुपये. विक्रेता इथेच थांबतो. पण दरवर्षी देखभाल शुल्क भरावे लागते. रिसॉर्टची निगा राखण्यासाठीचे हे पैसे आपण गेलो नाही तरी द्यावेच लागतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. करासह ते २०,००० धरले तर रात्रीमागे आणखी २,८५७, म्हणजे दर ५,१४० च्या पुढे गेला. वर्षाला चारच रात्री वापरल्या तर हाच दर ९,००० होतो. शिवाय ते ४ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २८,००० व्याज आले असते, तेही मनात धरायला हवे. जेवणखाण आणि प्रवास यात कुठेच आलेला नाही.

दुसरे सभासदत्व म्हणजे दुसरे देखभाल शुल्क, आणि ते दरवर्षी वाढत जाते. माझ्या मते खरा निर्णय या शुल्काचाच असतो. खरेदीची रक्कम एकदाच जाते. पंचावन्नाव्या वर्षी २५ वर्षांचा करार केला तर शुल्क ऐंशीपर्यंत भरायचे आहे, आणि त्यातला बराच काळ निवृत्तिवेतनावर जाणार आहे.

यानंतर आपल्याला नेमके काय कमी पडते ते ठरवावे: दिवस, खोली, की हंगाम? आपल्याकडे बहुतेकदा अडचण हंगामाची असते. कंपन्या वर्षाचे आठवडे मागणीनुसार गटांत वाटतात. क्लब महिंद्रात पर्पल, रेड, व्हाइट आणि ब्लू असे रंग आहेत. पर्पल सर्वांत महाग, ब्लू सर्वांत स्वस्त. खालच्या रंगाच्या सभासदाला वरच्या रंगाचे आठवडे सहजी मिळत नाहीत. चंद्रपूरचा मे महिना कसा असतो ते आपल्याला सांगायला नको. नवतप्यात पारा ४६-४७ वर गेला की थंड हवेचे ठिकाण ही चैन राहत नाही. पण तेव्हा सगळ्या देशालाच डोंगरावर जायचे असते. खालच्या रंगाची दोन सभासदत्वे मिळूनही मे महिन्यातला एक आठवडा देतीलच असे नाही. दुसऱ्या खरेदीतली सगळ्यात सर्रास चूक हीच: अडचण हंगामाची असते आणि विकत घेतले जातात दिवस.

विदर्भाला एक सोय आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. उन्हामुळे आपल्या राज्य मंडळाच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. जूनच्या मध्यानंतर पुण्या-मुंबईची मुले शाळेत परतलेली असतात आणि आपली अजून मोकळी असतात. हे आठवडे कोणत्या ठिकाणी कोणत्या रंगात येतात ते हंगामाच्या तक्त्यात पाहा. सध्याच्या सभासदत्वातच काम भागण्याची शक्यता आहे.

प्रवासही याच टप्प्यावर तपासावा. बल्लारशा दिल्ली-चेन्नई मार्गावर असल्याने उत्तरेकडचे किंवा दक्षिणेकडचे ठिकाण आपल्याला कोकणापेक्षा सोपे पडू शकते. रेल्वेचे आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडते. रिसॉर्ट त्याहून आधी नक्की करावे लागत असेल, तर तिकीट न मिळाल्यास आरक्षण कोणत्या तारखेपर्यंत दिवस न गमावता रद्द करता येते, हे लेखी विचारून घ्या.

कमतरता कळली की ती स्वस्तात भरून निघते का ते पाहावे. न वापरलेले दिवस पुढच्या वर्षी नेता येतात का? आहे त्याच करारात फरक भरून वरचा रंग किंवा मोठी खोली घेता येते का? तसे जमले तर शुल्क वाढेल, पण करार एकच राहील. आरसीआयसारख्या अदलाबदल संस्थेतूनही मार्ग निघतो. १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेली ही संस्था आपला आठवडा जमा करून घेते आणि दुसऱ्या रिसॉर्टमधला देते. तिचे शुल्क वेगळे असते, आणि मोठ्या मागणीचा आठवडा हवा तर तितकाच चांगला आठवडा लवकर जमा करावा लागतो. शेवटी त्याच तारखांना साधा पाहुणा म्हणून खोली घेतली तर किती पडते ते पाहा आणि मघाच्या दराशी ताडून बघा. मोठ्या खोलीची गरज दोन-तीन वर्षांतून एकदाच पडत असेल, तर तेवढ्यापुरती जास्तीची खोली भाड्याने घेणेच शहाणपणाचे.

ताडोब्याच्या नावाने विक्री होत असेल तर जास्त जपून राहावे. मोहर्लीचे प्रवेशद्वार चंद्रपुरापासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. आपल्याला तिथे मुक्कामाची गरज क्वचितच. शिवाय रिसॉर्टची खोली म्हणजे सफारी नव्हे. सफारीचे आरक्षण वन विभागाकडे वेगळे करावे लागते, गाडी आणि मार्गदर्शकाचे पैसे वेगळे. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पूर्ण बंद.

एवढे करूनही दुसरे सभासदत्व हवेच असेल, तर आधी पुनर्विक्रीचे पाहा. सोडू पाहणाऱ्या सभासदाकडून ते कंपनीच्या भावापेक्षा बरेच कमी किमतीत मिळू शकते. किती वर्षे उरली, थकबाकी आहे का, हस्तांतर शुल्क किती आणि नव्या माणसाला कोणत्या सवलती मिळणार नाहीत, हे कंपनीकडूनच लेखी घ्या. आपल्या नावाचे हस्तांतर पत्र हातात येईपर्यंत विकणाऱ्याला पूर्ण रक्कम देऊ नये.

नवे घेणार असाल तर हॉटेलातल्या सादरीकरणाला बोलावणे येते. पती-पत्नीने मिळूनच यावे असा आग्रह असतो, भेटवस्तू असते आणि सवलत ‘फक्त आजच’ असते. त्या दिवशी टोकनही देऊ नका. कराराचा मसुदा मागा, घरी न्या. तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून मागवा. ‘ही मालमत्ता आहे’ असे कुणी म्हणाले तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर आपले नाव लागणार का, असे विचारा. आपल्याकडे हा बहुधा केवळ वापराचा हक्क असतो.

मसुद्यात काही कलमे सावकाश वाचावीत. शुल्क दरवर्षी किती वाढू शकते आणि त्याला मर्यादा आहे का? ते थकले तर आरक्षण बंद होते का, व्याज किती? सभासदाच्या निधनानंतर वारसांवर काय येते, आणि त्यांना करार सोडता येतो का? मध्येच रद्द केल्यास किती पैसे परत? दोन्ही सभासदत्वांचे दिवस जोडून सलग मुक्काम करता येतो का, हेही विचारा. दुसरे घेणाऱ्यांना हीच गोष्ट पुढे नडते.

फेरविचाराची मुदत, म्हणजे सही केल्यानंतर पैसे परत घेऊन करार सोडण्याचे दिवस, करारात आकड्याने लिहिलेली हवी. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशाने ग्राहकाला १४ दिवस मिळतात आणि त्या काळात विक्रेत्याला आगाऊ पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही, म्हणून करारात असेल तेच हाती लागते. हप्त्यांवर घेतले असेल तर सभासदत्व रद्द झाल्यावर कर्जही बंद झाले का, हे बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून स्वतंत्रपणे लेखी घ्यावे. नाहीतर खात्यातून हप्ता कापला जातच राहतो.

वाद झालाच तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्यावी, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. त्यानेही काम झाले नाही तर ग्राहक आयोग आहे. ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ अशा कलमाने खचू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे चंद्रपूर किंवा गडचिरोलीतच. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. तक्रार तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी.

दुसरे घेताना पहिले विकायचे ठरवले, तर अनोळखी फोन येऊ लागतात. ग्राहक तयार आहे, फक्त कर किंवा नोंदणीचे पैसे आधी भरा, असे सांगितले जाते. ते पैसे भरू नयेत. आपल्या सभासदत्वाची माहिती फोन करणाऱ्याकडे आहे म्हणून तो कंपनीचा माणूस ठरत नाही. कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.