कोरड्या विजेचे वणवे : ॲरिझोनाच्या डोंगरांतील शोधाचा मागोवा

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या दक्षिण भागात वाळवंटी सपाटीतून काही डोंगररांगा एकाएकी वर उठतात. सांता कॅटालिना, रिंकन, सांता रिता, वाचुका, चिरिकावा आणि पिनालेन्यो ही त्यांतील प्रमुख नावे. टूसॉन शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटर उंचीवर आहे. शहराच्या डोक्यावर उभे असलेले माउंट लेमन २,७९१ मीटरचे, तर पिनालेन्यो रांगेतील माउंट ग्रॅहम ३,२६७ मीटरचे आहे. पायथ्याला सग्वारो निवडुंग, मधल्या उतारांवर ओक आणि जुनिपरची खुरटी राने, वर पॉन्डेरोसा पाइन आणि अगदी माथ्यावर फर व स्प्रूस अशी वनस्पतींची चढण इथे काही तासांच्या वाटेत पाहायला मिळते. चहूबाजूंनी वाळवंटाने वेढलेल्या या जंगलांना ‘आकाशातील बेटे’ म्हणतात. एखाद्या बेटावरचे जंगल जळून गेले, तर शेजारून बी किंवा प्राणी येऊन ते पुन्हा भरण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे इथला वणवा वेळेत दिसणे आणि तो कशाने लागला हे कळणे या दोन्ही गोष्टींना मोठी किंमत आहे.

मे आणि जून हे इथले सर्वांत कोरडे महिने. जूनच्या उत्तरार्धात मेक्सिकोकडून दमट हवा येऊ लागते आणि डोंगरमाथ्यांवर दुपारी ढग उभे राहतात. आपल्याकडच्या वळवासारखाच हा गडगडाटाचा काळ. फरक इतकाच की सुरुवातीच्या वादळांतला पाऊस खालच्या तापलेल्या, कोरड्या हवेत वाटेतच आटून जातो. वीज मात्र जमिनीपर्यंत पोहोचते. गवत व पाइनच्या सुया वाळलेल्या असतात आणि ठिणगी विझवायला पाणी नसते. मोसमी पाऊस नीट सुरू झाला की धोका उतरतो. वर्षातले हे मधले काही आठवडेच निर्णायक ठरतात.

या डोंगरांवरून दूरवर नजर ठेवण्याची सुरुवात आगीसाठी झाली नव्हती. १८८६ मध्ये जेरोनिमोच्या अपाचे टोळीचा पाठलाग करताना जनरल नेल्सन माइल्स यांच्या सैन्याने शिखराशिखरांवर आरशांनी सूर्यप्रकाशाचे संदेश पाठवणारी ठाणी उभारली. पिनालेन्यो रांगेतील एका शिखराला त्यावरूनच हेलिओग्राफ पीक हे नाव मिळाले. पुढे त्याच शिखरावर वनखात्याचा पोलादी टेहळणी मनोरा उभा राहिला. जिथून आरशाचा झोत दुसऱ्या शिखरावर दिसतो, तिथून धूरही दिसतो.

१९०५ मध्ये अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली आणि १९०८ मध्ये कोरोनाडो राष्ट्रीय वन. १९१० च्या उन्हाळ्यात आयडाहो आणि मोंटाना राज्यांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले. त्या धक्क्यानंतर प्रत्येक आग शत्रू मानली गेली. मनोऱ्यांचे जाळे याच काळात विणले गेले, आणि १९३० च्या दशकात बेरोजगार तरुणांसाठी काढलेल्या सरकारी दलाने त्यातले अनेक मनोरे, वाटा आणि दूरध्वनीच्या तारा उभ्या केल्या.

मनोऱ्यातले मुख्य साधन म्हणजे वनाधिकारी विल्यम ऑस्बोर्न यांनी १९११ च्या सुमारास घडवलेला ‘फायर फाइंडर’. खोलीच्या मध्यावर गोल नकाशा, त्याभोवती अंशांची फिरती कडी आणि त्या कडीवर समोरासमोर दोन दर्शक. एकाला बारीक छिद्र, दुसऱ्याला ताणलेला केस. धूर त्या केसावर आला की दिशा मिळते. दुसऱ्या मनोऱ्यानेही तोच धूर पाहून दिशा कळवली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. एकच मनोरा असेल, तर डोंगराच्या ओळखीच्या खुणांवरून अंतराचा अंदाज घ्यावा लागे. वादळ चालू असताना टेहळ्या काचेच्या पायांच्या स्टुलावर उभा राहून जमिनीवर पडणारी प्रत्येक वीज नकाशावर टिपत असे आणि पुढचे कित्येक दिवस त्या त्या जागेकडे पुन्हा पुन्हा पाहत असे.

या पुन्हा पाहण्यात सगळे कौशल्य होते. विजेने पेटलेली आग लगेच दिसेलच असे नाही. वठलेल्या झाडाच्या पोकळीत किंवा मुळांभोवतीच्या सुयांच्या जाड थरात ती दिवसेंदिवस, क्वचित काही आठवडे धुमसत राहते. मग एखाद्या कोरड्या दुपारी वारा सुटतो आणि धुराची रेघ वर येते. दुसरीकडे, पाऊस पडून गेल्यावर घळींतून उठणारे धुक्याचे पुंजके हुबेहूब धुरासारखे दिसतात. धुके वर चढता चढता विरते, धूर मात्र त्याच एका मुळाशी बांधलेला राहतो. वाळवंटातली धुळीची वावटळ जागा सोडून चालू लागते. हे भेद पुस्तकात लिहिता आले, तरी नजरेत मुरायला काही उन्हाळे जावे लागत.

टेहळणीचे हे यंत्र पूर्ण उभे राहण्याआधीच एक वेगळा आवाज उमटला होता. नैर्ऋत्य अमेरिकेत वनाधिकारी म्हणून काम केलेल्या आल्डो लिओपोल्ड यांनी १९२४ मध्ये दक्षिण ॲरिझोनातील गवत, झुडपे, झाडे आणि आग यांच्या नात्यावर लेख लिहिला. जुन्या जुनिपरच्या खोडांवर आगीचे व्रण होते, पण अलीकडच्या काळातले नव्हते. गुरांनी गवत खाऊन टाकल्याने आग पसरायची थांबली आणि झुडपे माजली, असा त्यांचा निष्कर्ष होता. वनसेवेने तो मनावर घेतला नाही. उलट १९३५ मध्ये असा दंडक झाला की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. ती विजेने लागली की माणसाने, याने त्या दंडकाला काही फरक पडत नव्हता. धूर शोधण्याची कला कळसाला पोहोचली, त्या काळातच आगीचे मूळ ओळखण्याचे महत्त्व सर्वांत कमी होते, ही या इतिहासातली खेदाची गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. वनसेवेने १९५३ मध्ये ‘प्रोजेक्ट स्कायफायर’ हाती घेतला. ढगांवर प्रयोग करून विजा कमी करण्याचा त्याचा मूळ उद्देश फळाला आला नाही, पण त्यातून मोलाची माहिती हाती आली. जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजांचा जोरदार प्रवाह क्षणार्धात संपतो. त्याने झाड फुटते, पण पेटतेच असे नाही. काही विजांत मात्र पहिल्या फटक्यानंतर तुलनेने सौम्य प्रवाह सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून जास्त काळ वाहत राहतो. सुयांना आणि कुजक्या लाकडाला ज्वलनबिंदूपर्यंत तापवायला हीच सलग ऊब लागते. शेकडो विजा पडूनही मोजक्याच ठिकाणी आग का लागते, याचे उत्तर पुष्कळसे इथे आहे. बाकीचे उत्तर वीज पडली त्या जागेच्या ओलाव्यात आहे.

पुढचे पाऊल टूसॉनमध्येच पडले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ॲरिझोना विद्यापीठातील ई. फिलिप क्रायडर, फ्लोरिडातील मार्टिन उमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेची दिशा सांगणारे चुंबकीय यंत्र तयार केले. ढगातल्या ढगात चमकणारी वीज आणि जमिनीवर पडणारी वीज यांच्या रेडिओ लहरींचा आकार वेगळा असतो. हे यंत्र फक्त जमिनीवरच्या विजेचा आकार ओळखून तेवढीच नोंदवत असे. दोन ठाण्यांच्या रेषा जिथे छेदतील तिथे वीज पडली, असे हे गणित होते. मनोऱ्यांची भूमिती तीच राहिली, केसाची जागा अँटेनाने घेतली. पहिले मोठे ग्राहक होते सरकारी जमिनींची देखभाल करणारे खाते, आणि त्यांना ही यंत्रे हवी होती ती अलास्का आणि पश्चिमेतील वणव्यांसाठी. १९८९ पर्यंत सगळा सलग अमेरिकन भूभाग या जाळ्याखाली आला. सुरुवातीला काही किलोमीटरची चूक होई. लहर पोहोचण्याच्या अचूक वेळा मिसळल्यावर ती काही शे मीटरवर आली. पुढे या राष्ट्रीय जाळ्याचे नियंत्रणही टूसॉनमधूनच चालू लागले.

यामुळे टेहळणीचा क्रम उलटला. पूर्वी धूर दिसला की वीज पडली असावी असे मानत. आता वीज कुठे पडली हे आधी कळते आणि विमान किंवा माणूस त्या जागेवर धूर शोधायला जातो.

त्याच शहरात, त्याच विद्यापीठात, आगीची ओळख वेगळ्या वाटेनेही चालली होती. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी १९३७ मध्ये इथे वृक्षवलयांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा स्थापन केली. जमिनीलगत सरपटत गेलेली आग पॉन्डेरोसाचे झाड मारत नाही. बुंध्याच्या एका बाजूला जखम करते, झाड ती हळूहळू भरून काढते आणि व्रण वर्तुळांत कायम राहतो. व्रण कोणत्या वर्तुळात आहे यावरून वर्ष कळते. तो वसंतातल्या फिक्या लाकडात आहे की उन्हाळ्याअखेरच्या गडद लाकडात, यावरून ऋतू कळतो. थॉमस स्वेटनम, ख्रिस्तोफर बायसन आणि सहकाऱ्यांनी रिंकन, कॅटालिना, चिरिकावा या रांगांतले शेकडो नमुने वाचले. पाइनच्या रानांत साधारण दर पाच ते दहा वर्षांनी आग फिरून जात असे, आणि बहुतेक व्रण पावसाळ्याच्या अगोदरच्या कोरड्या, विजेच्या काळातले होते. काही आगी अपाचे लोकांनीही लावल्या असतील, पण एवढ्या नियमितपणाला विजा पुरेशा होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे व्रण थांबतात. १८८० मध्ये रेल्वे टूसॉनला पोहोचली, मागोमाग गुरांचे प्रचंड कळप आले आणि आग वाहून नेणारे गवत संपले. मनोरे उभे राहण्याच्या कितीतरी आधी आगीचा मार्ग तुटला होता. लिओपोल्ड यांनी जुनिपरवर जे वाचले, तेच साठ-सत्तर वर्षांनी अचूक तारखांसह सिद्ध झाले. १९९० मध्ये स्वेटनम आणि हुलियो बेटनकोर्ट यांनी आणखी एक दुवा दाखवला. एल निन्योच्या ओल्या वसंतानंतर या प्रदेशात कमी जळते, ला निन्याच्या कोरड्या वसंतानंतर खूप जळते.

धोरणही दरम्यान बदलले होते. राष्ट्रीय उद्यान सेवेने १९६८ मध्ये नैसर्गिक आगीला स्थान दिले. रिंकन डोंगरांत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विजेच्या काही आगी पहाऱ्याखाली जळू दिल्या गेल्या. वनसेवेने सकाळी दहाचा दंडक त्याच दशकाच्या अखेरीस सोडला. पण बऱ्याच रांगांत तोवर शतकभराचे सरपण साठले होते. जुन्या सरपटत्या आगीऐवजी शेंड्यावरून शेंड्यावर झेपावणारी आग आली.

त्याचे परिणाम गेल्या तीसेक वर्षांत दिसले. १९९४ मध्ये चिरिकावातील रॅटलस्नेक वणवा, २००४ मध्ये माउंट ग्रॅहमवरचा नटॉल, २००५ मध्ये सांता रितातील फ्लोरिडा, हे सगळे विजेचे. २००५ च्याच जूनमध्ये फिनिक्सच्या ईशान्येला केव्ह क्रीकच्या आगीने जवळपास एक लाख हेक्टर जाळले. ओल्या हिवाळ्यानंतर माजलेल्या गवताने आग थेट सग्वारोंच्या रानात नेली, आणि त्या निवडुंगांना आगीची सवय नाही. ७ जून २०१७ रोजी विजेने लागलेल्या फ्राय वणव्यानंतर फक्त माउंट ग्रॅहमवर आढळणाऱ्या तांबड्या खारींची मोजणी २५२ वरून ३५ वर घसरली. ५ जून २०२० च्या बिगहॉर्न वणव्याचा पहिला धूर टूसॉनच्या घराघरांतून दिसत होता. जागा माहीत होती, कारण माहीत होते. पण उभ्या कड्यांवर माणसे उतरवणे धोक्याचे होते, आणि अखेर सुमारे ४८,५०० हेक्टर जळाले.

सर्वांत कटू धडा यार्नेल हिलचा आहे. २८ जून २०१३ च्या संध्याकाळी यार्नेल गावाजवळच्या खडकाळ कड्यावर वीज पडली. आग त्याच दिवशी दिसली. तेव्हा ती लहान होती. दुसऱ्या दिवशी ती हाताबाहेर गेली आणि ३० जूनला गडगडाटी वादळातून सुटलेल्या वाऱ्याने तिची दिशा फिरवली. एका पथकातले १९ जवान मरण पावले. आग लवकर सापडणे म्हणजे आग हाती येणे, हा समज त्या दिवसानंतर कोणी बाळगू नये.

आकाशातून पाहणारे डोळे आता अनेक आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेल्या गोज-१६ पासूनच्या पिढीतले भूस्थिर उपग्रह दर पाच मिनिटांनी देशाचे चित्र घेतात. त्यांच्यावरचा वीजमापक चमक किती वेळ टिकली हेही सांगतो, म्हणजे पेटवणाऱ्या विजांचा अंदाज येऊ लागला आहे. ध्रुवीय उपग्रहांवरचे व्हीआयआयआरएस हे उपकरण ३७५ मीटरच्या चौकटीतली उष्णता टिपते. याच उपकरणाच्या नोंदींवरून भारतीय वन सर्वेक्षण महाराष्ट्रातल्या वनखात्यालाही वणव्याचे इशारे पाठवते. आपल्याकडे मात्र फेब्रुवारी ते मे या काळातल्या बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. एवढे डोळे असूनही एका झाडाच्या पोकळीत धुमसणारी ठिणगी उपग्रहाला दिसत नाही. शिखरांवरचे कॅमेरे आणि शिल्लक राहिलेले टेहळे ती आधी पाहू शकतात.

कारण निश्चित करायचे काम मात्र अजून पायी जाऊनच होते. तपासनीस जळालेल्या जागेत आगीच्या उलट दिशेने चालतो. गवताच्या काड्या कुठे पडल्या, खडकाची कोणती बाजू काळवंडली, खोडावर जळाल्याचा डाग कुठे उंच चढला, यावरून तो आरंभबिंदूकडे सरकतो. तिथे सालीचा पट्टा शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पिळासारखा उडालेले झाड, लांब फेकल्या गेलेल्या ताज्या ढलप्या किंवा मुळांजवळ उकरलेली माती सापडली, तर वीज. वीज गवतावर किंवा उघड्या खडकावर पडली असेल, तर यातले काहीच सापडत नाही. मग मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या वीजनोंदी तपासतात आणि शेकोटी, वाहन, वीजतारा, नेमबाजी ही कारणे एकेक करून बाद करतात. वीजनोंद जवळची आहे एवढ्यावर निकाल देणे चुकीचे, कारण उन्हाळी वादळात जवळपास नोंद नाही अशी जागाच विरळा.

या निकालावर आता आगीचे भवितव्य ठरते. अमेरिकेच्या संघीय धोरणानुसार माणसाने लावलेला वणवा विझवायचाच असतो. विजेने लागलेला वणवा जागा, हवामान आणि सरपण पाहून जळू देता येतो. विसाव्या शतकात या भेदाला किंमत दिली गेली असती, तर या डोंगरांवर आजच्याइतके सरपण साठलेच नसते.